पडद्यावरचा येसकर

शाळेत मला एका जागी बसवणं म्हणजे मांजराला आंघोळ घालण्यातला प्रकार होता. बाकावर बसलो की पाय हलायचे, पाय दाबून धरले की बोटं वहीच्या कडेला काहीतरी खरडायला लागायची. वडील घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्या, एसटी डेपोत कामाला होते. संध्याकाळी थकून यायचे आणि म्हणायचे, ह्या पोराच्या बुडाखाली विंचू हाय. खरंच होतं त्यांचं. तो विंचू अजून आहे, फक्त आता आमची ओळख जुनी झालीय.

मी नववीत होतो. बहात्तरचा दुष्काळ सरून दुसरं वर्ष लागलं होतं. आमच्या शाळेचं नाटक दौंडला स्पर्धेला न्यायचं ठरलं. नाटक इतिहासाच्या सरांनीच लिहिलेलं. गोष्ट साधी होती. शत्रूची फौज चालून येतेय ही खबर घेऊन एक जासूद दिवस मावळताना गावाच्या वेशीपाशी येतो. वेस लागलेली असते. वेशीवरचा येसकर त्याला अडवतो, खात्री करून घेतो, आत सोडतो, आणि गाव वाचतं. येसकर म्हणजे वेशीचा राखणदार. ते काम पूर्वी गावोगाव आमच्या लोकांकडे, म्हणजे तेव्हाच्या महारवाड्याकडे असायचं. आता आम्ही बौद्ध झालो होतो, वस्तीचं नाव बदललं होतं, आणि त्या कामाचा विषय घरात कुणी काढत नव्हतं.

मागचा पडदा रंगवायचं काम सरांनी माझ्यावर आणि माझ्या वर्गातल्या शिंप्याच्या मुलावर टाकलं. त्यांची अट एकच होती. जे बघितलं नाही, ते काढायचं नाही. कॅलेंडरवरची वेस काढून आणाल तर फाडून टाकीन म्हणाले. मग आम्ही दोघं निमोण्याला गेलो. तिथल्या एका पडक्या गढीचा दरवाजा शिंप्याच्या मुलानं बापाच्या टेपनं मापला. मी दगड न् दगड वहीत उतरवून घेतला. गढीवाल्यांच्या म्हातारीनं विचारलं, जागा विकायची हाय का कुणाला? इतिहासासाठी मापतोय म्हटल्यावर तिनं आम्हाला गूळ-शेंगदाणे दिले आणि आमची कीव केली.

त्या कामानं मला वेडच लागलं. जे दिसेल त्याला मी विचारायला लागलो, हे तेव्हा होतं का? एकानं वेशीपाशी कंदील काढला, मी पुसला. दहावीच्या एका मुलीनं पडद्यातल्या घरासमोर वाळत घातलेल्या लाल मिरच्या काढल्या होत्या, फार सुंदर काढल्या होत्या. मिरची आपल्याकडे कधी आली, हे विचारून मी सरांना दोन दिवस हैराण केलं. सर म्हणाले, असू दे रे, दिसतात छान. मला ते पटलं नाही. मी मिरच्यांवर गवत काढलं, आणि ती मुलगी वर्ष संपेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मुलांनी माझं नावच पाडलं, 'तेव्हा होतं का'.

पडदा मांजरपाटाचा. चार पट्टे जोडून शिवलेला. रंगात चिंचोक्याची खळ, म्हणजे रंग कापडाला धरून राहतो. त्यात गेरू, नीळ, खडूची भुकटी आणि चुलीवरच्या तव्याची काजळी. एवढ्यावर आम्ही अख्खं गाव उभं केलं. एकदा पडदा व्हरांड्यात वाळत टाकून पाणी प्यायला गेलो, तर शिपाईमामांच्या शेळीनं तटाचा एक बुरूज चाटून साफ केला. चिंचोक्याची खळ तिला पेजेसारखी गोड लागली असणार. मी तिच्यामागं वहाण घेऊन मैदानभर पळालो. शिपाईमामा म्हणाले, शत्रूच्या फौजेला जे जमलं न्हाई ते माझ्या शेळीनं केलं बघ. आम्ही त्या जागी करवंदीची जाळी काढली.

पडदा झाला, राहिला येसकर; त्याचं काम करणाऱ्या पोराला दाखवायला चित्र हवं होतं. येसकर कसा उभा राहायचा, काठी कशी धरायचा, अंगावर काय असायचं? सरांच्या पुस्तकांत राजे होते, सरदार होते, हत्तीसुद्धा होते, येसकर कुठंच नव्हता. सर सहज म्हणाले, तुझ्या गावाकडं कुणी म्हातारं माणूस असेल की, विचारून ये. माणूस होताच. आमचे आबा, माझ्या वडिलांचे वडील, केंदूरला राहायचे. त्यांनी तरुणपणी येसकराची पाळी केलेली होती, एवढं मला माहीत होतं. त्यापुढं कुणी कधी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळच्या गाडीनं केंदूरला गेलो. आबा दारात बसून खुरप्याला मूठ बसवत होते. मी विषय काढला आणि त्यांचा हात थांबला. म्हणाले, "ते कशाला उकरतोस? देव ओढ्यात सोडले तवाच काठी बी सोडली. टाकलं म्हंजी टाकलं." मी पुन्हा विचारलं. त्यांनी खुरपं उलटं करून ठोकायला घेतलं, म्हणजे आता बोलणं संपलं. मला असा राग आला! एवढा लांब आलो, आणि हे खुरपं ठोकतात. मी रागारागानं वही उघडली आणि माझ्या मनचाच येसकर काढला. वेशीच्या बरोबर मधोमध, छाती पुढं, काठी भाल्यासारखी उभी. वही तिथंच टाकली आणि रांजणापाशी पाणी प्यायला गेलो.

परत आलो तर वही आबांच्या मांडीवर. मान वाकडी करून बघत होते. म्हणाले, "असा उभा ऱ्हातो व्हय येसकर? हा तर जमादार झाला. आन् दारात मदी उभा ऱ्हायला तो काय पाटील हाय? कडंला घे त्याला." मी म्हटलं, कडंला म्हणजे कसा? काठी कशी? चुकीचं चित्र त्यांनाही सहन होत नव्हतं, ही आमच्या घराण्याचीच खोड असावी. ते उठले. कोपऱ्यातला कुदळीचा दांडा घेतला, खांद्यावर घोंगडी टाकली आणि दाराच्या चौकटीच्या कडेला जाऊन उभे राहिले.

मी बघतच राहिलो. आबा कमरेत वाकले. दांडा अंगाशी, दोन्ही हात त्याच्या टोकावर, हनुवटी हातांच्या जवळ. खांदे असे आत गेले की माणूस निम्मा झाला. म्हणाले, "दोन्ही हात काठीवरच. जोहार घालायला हात मोकळं करायचं कारण न्हाई. नुसतं आनखी वाकायचं." मी विचारलं, आणि नजर कुठं? "पायतानावर. तोंडाकडं बघायचं न्हाई. पायतान बघून मानूस वळखायचा. समद्या गावाची पायतानं पाठ व्हती मला."

माझी पेन्सिल पळत होती. इतकं खरं चित्र मी आयुष्यात काढलं नव्हतं. आबा जरा सरळ व्हायला लागले तसा मी ओरडलो, हलू नका आबा! आणि आबा हलले नाहीत. नातवानं सांगितलं आणि ते तसेच वाकून राहिले, मला वाटतं दहा मिनिटं. मला तेव्हा फार आनंद झाला होता. हे सांगताना आज लाज वाटते, पण आनंदच झाला होता.

मग काय झालं कुणास ठाऊक, आबांनी दांडा अंगणात भिरकावला. पाठ सरळ करायला त्यांना चौकट धरावी लागली. माझ्याजवळ आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, "तू चित्रकार हायेस, तुला लागलं ते दिलं. पर ही काठी आपल्यातल्या कुणी हातात धरायची न्हाई. खोटी बी न्हाई. नाटकात बी न्हाई. शब्द दे." मी त्यांच्या पायाला हात लावून शब्द दिला. त्यात काय अवघड होतं? मी पडदा रंगवणारा. काठी धरणारा पोरगा दुसराच होता, चांगल्या बागायतदाराच्या घरचा.

सर चित्र बघून हरखले. पायताणाची गोष्ट तर त्यांनी लगेच नाटकात घातली. जासूद येतो, येसकर मान वर करत नाही, नुसतं त्याच्या पायांकडं बघतो आणि म्हणतो, ह्यो मानूस लांबून पळत आलाय, ह्याचं पायतान आपल्या मुलखातलं हाय, ह्याला आत घ्या. तालमीत ह्या वाक्याला रोज टाळ्या पडायच्या. टाळी पडली की आबांची गोष्ट मी बाजारात नेऊन मांडली, असं वाटायचं. मग मी ब्रश घेऊन पडद्यावर काहीतरी उगाच दुरुस्त करत बसायचो.

दौंडला आम्ही एसटीनं गेलो. पडदा वेळूला गुंडाळून टपावर बांधलेला. न्हावरा, चौफुला करत गाडी चालली होती आणि मी दर थांब्याला खाली उतरून वर बघत होतो. कंडक्टर वैतागून म्हणाला, तूच वर जाऊन बस की बाबा. स्पर्धा रेल्वेच्या एका हॉलमध्ये होती. आमचं नाटक तिसरं. पहिलं नाटक सुरू झालं तेव्हा आम्ही मागच्या अंगणात पडदा भिंतीवर टांगून सुरकुत्या काढत होतो, आणि येसकर झालेला पोरगा घोंगडी घेऊन तयार बसला होता.

तेवढ्यात त्याचे चुलते आले. दौंडलाच रेल्वेत होते, पुतण्याचं नाटक बघायला चार मित्रांना घेऊन आलेले. पुतण्याला त्या वेषात बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. आमच्या घरचं पोरगं येसकराची काठी धरून जोहार घालणार? भावकीत तोंड दाखवायला जागा ठेवायची का नाही? सरांनी खूप समजावलं. हे नाटक आहे, इतिहास आहे, गाव वाचवणारा माणूस आहे तो. चुलत्यांनी काही ऐकलं नाही. पोराच्या खांद्यावरची घोंगडी काढून बाकावर ठेवली आणि त्याला हाताला धरून घेऊन गेले. पोरगा रडत गेला, बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

सर मिनिटभर डोक्याला हात लावून बसले. मग त्यांची नजर माझ्यावर आली आणि चेहरा उजळला. म्हणाले, "तूच उभा राहा. तुला सगळं पाठ आहे. आणि तुला काय शिकवायला पाहिजे? तुमच्या घरातलंच आहे ते." रागानं नाही म्हणाले, कौतुकानं म्हणाले. म्हणूनच जास्त लागलं. माझ्या कानशिलातून आग निघाली. मी म्हटलं, मी काठी धरणार नाही, आबांना शब्द दिलाय. सरांनी विचारलं, कसला शब्द? मी सांगितलं. सगळी मुलं माझ्याकडं बघत होती. सर हळूच म्हणाले, दुसऱ्या कुणाला पाठ नाही, मग नाटक होत नाही, पडदा उतरवा.

शिंप्याच्या मुलानं दोरी सोडायला घेतली. दोन महिन्यांचं काम होतं ते. निमोण्याचा दगड न् दगड त्यावर होता, आणि तो न उलगडता परत जाणार होता. मी अंगणात नुसता इकडून तिकडं चालत होतो. ओरडावंसं वाटत होतं, सरांवर, चुलत्यांवर, आबांवरसुद्धा. मग पिशवीतला रंगाचा डबा दिसला, डाग झाकायला आणलेला. मी शिंप्याच्या मुलाला म्हटलं, सोडू नको, धर. आणि वेशीच्या कडेला, पडद्यावरच, येसकर काढायला घेतला.

वही लागलीच नाही. हाताला सगळं पाठ होतं. काजळीनं वाक, गेरूनं घोंगडीची कड, काठी, काठीवरचे दोन हात. चेहऱ्याला आलो तेव्हा क्षणभर थांबलो, पण दुसरा चेहरा येणार कुठून? आबांचाच आला. मी मनाशी घोकत होतो की शब्द मोडला नाही. आपल्यातल्या कुणी काठी हातात धरलेली नाही, चित्राला कुठं हात असतात? अर्ध्या तासात माणसाएवढे आबा वेशीच्या कडेला उभे होते. सर म्हणाले, वा. मग म्हणाले, पण बोलणार कोण? मी म्हटलं, "तुम्ही. पडद्यामागून." सरांनी माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं बघितलं, आणि मागं जाऊन उभे राहिले.

जासूद झालेला मुलगा चित्राशी बोलायला लागला तसे लोक हसले. मग पडद्यामागून सरांचा जोहार आला. पहिल्या वेळी तो कुणाला ऐकूच गेला नाही, पुन्हा घालावा लागला. तोवर हॉल शांत झाला होता. पायताणाच्या वाक्याला टाळी पडलीच नाही, आणि मला बरं वाटलं. नेपथ्याचं पहिलं बक्षीस आम्हाला मिळालं. परीक्षकांपैकी एकजण वर येऊन चित्राला नाक लावून बघत होते. हा माणूस कुठं बघितलास म्हणून त्यांनी विचारलं. मी खोटं बोललो. म्हटलं, मनानं काढला.

शिरूरला परत आलो तर शाळेनं गॅदरिंगमध्ये नाटक पुन्हा करायचं ठरवलं. काठी धरायला कुणी तयार होईना, तेव्हा येसकर पडद्यावरच ठेवायचा असं ठरलं. वडिलांना बक्षिसाचा इतका आनंद झाला होता की त्यांनी मला न विचारता केंदूरला निरोप धाडला, आबांनी यावं. मी आठवडाभर नीट जेवलो नाही. रंग ओतून पडदा खराब करावा, असंही मनात आलं. हात धजला नाही.

आबा दुपारच्या गाडीनंच आले, आणि घरी न जाता थेट शाळेत आले. पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा, डोक्याला पटका. मैदानात खुर्च्या मांडणं चाललं होतं. स्टेजवर पडदा लावलेला होता आणि मी एकटाच तिथं होतो. आबा पायऱ्या चढून आले. वेस बघितली, तट बघितला, करवंदीची जाळी बघितली. मग कडेला आले आणि थांबले.

"ह्यो मी हाय," आबा म्हणाले.

मी हो म्हटलं.

"शब्द दिला व्हतास."

मी घडाघडा सगळं सांगितलं. पोरगा गेला, सरांनी मला धर म्हटलं, मी नाही धरली, नाटक बंद पडलं असतं तरी धरली नसती. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू न्हाई धरलीस. मग माझ्या हातात का दिलीस?"

मला रडू फुटलं, आणि रडू फुटल्याचा राग आला. मी बादली आणली, फडकं भिजवलं आणि काठी पुसायला लागलो. खळीचा रंग, पाणी लागलं की सुटतो. काठी गेली. मागं होऊन बघितलं, तर ते आणखी वाईट दिसत होतं. पडद्यावरचे आबा कशावरही न टेकता तसेच वाकून उभे होते. पायताणांकडं बघत होते.

आबा माझ्या शेजारी उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "काठी गेली. वाक तसाच हाय की रं."

मी सगळंच पुसलं. घोंगडी, हात, चेहरा. तिथं नुसता ओला पांढरट डाग उरला. मग मी फडकं टाकलं आणि म्हटलं, आबा, तुम्ही उभे राहा, मी बघून काढतो. कसा उभा राहू म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जसे गाडीतून उतरून आलात तसे. आबांनी पटका सारखा केला, सदऱ्याची बटणं लावली आणि स्टेजच्या मधोमध उभे राहिले, दोन्ही हात खाली सोडून. मीही चित्र मधोमध घेतलं, अगदी वेशीच्या दारात. कापड ओलं होतं, रंग पसरत होता. त्या पडद्यावरचं सगळ्यात वाईट चित्र ते झालं. खांदे लाकडी, मान ताठ, इस्त्रीचा सदरा. खोटं, सगळं खोटं. मला ते कळत होतं आणि मी काढत होतो. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा माझे पाय एका जागी होते.

सर खुर्च्यांकडून धावत आले. म्हणाले, "अरे, हे काय केलंस? बक्षिसाचं चित्र पुसलंस? येसकर असा उभा राहायचा नाही, तूच मला सांगितलं होतंस."

"नव्हता राहत, सर," मी म्हटलं. "पण हे माझे आबा आहेत, आणि संध्याकाळी ते पहिल्या रांगेत बसणार आहेत."